वाढत्या अंगाचा पतंग

आमच्याकडे कुठलीही वस्तू मापाची घेत नाहीत. गणवेश घ्यायचा तर पाचवीतल्या पोराला आठवीचा. चप्पल एक बोट पुढे, सायकल पाय टेकायला दोन वर्षं लागतील अशी, आणि मोटर घ्यायची तर विहिरीत पाणी किती आहे हे न विचारता पाच हॉर्सपॉवरची. बीबीच्या बाजारात एखाद्याने "बरोबर मापाचं दाखवा" म्हटलं, तर दुकानदार आधी त्याच्याकडे बघतो आणि मग हा कोणाचा कोण म्हणून शेजारच्याला विचारतो. पैसे सारखेच द्यायचे तर कापड कमी का न्यायचं, एवढा साधा हिशेब आहे हा. गणवेशाच्या बाबतीत तो पिढ्यानपिढ्या बरोबर निघत आला आहे. तो चुकतो अशी माझ्या माहितीतली एकच वस्तू आहे, आणि माझ्या पुतण्याला नेमकी तीच घ्यायची होती.

पुतण्या कृषी पदविका करून घरी आला आहे. वावरात जातो, पण मोबाइल घेऊन जातो. त्या मोबाइलमध्ये त्याला एक माणूस दिसला. समुद्राच्या ओल्या वाळूवर तीन चाकांच्या बुटक्या गाडीत तो जवळजवळ झोपला होता आणि हातातला पतंग त्याला गाडीसकट ओढून नेत होता. इंजिन नाही, बैल नाही, डिझेल नाही. पुतण्याने तो व्हिडिओ मला दाखवला आणि म्हणाला, "काका, हे आपल्या वावरात जमते."

बीबी हे लोणार तालुक्यातलं, सिंदखेडराजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, बुलढाण्याच्या घाटावरचं गाव. इथून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरांपेक्षा लांब आहे. पण समुद्र नाही हे कारण पुतण्याला पटलं नाही. वाळू नसली तरी वारा आहे, आणि वाऱ्याला बिल येत नाही, हा त्याचा मुद्दा होता.

विषय घरात निघाला असता तर वहिनींनी तो एका वाक्यात संपवला असता. पुतण्याने तो स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात काढला. तिथे एक रिटायर्ड मास्तर बसतात, एक लाइनमन येऊन-जाऊन असतो, समोरच टेलरचं दुकान आहे, आणि एक गृहस्थ असे आहेत की जे एकदा संक्रांतीला येवल्याला जाऊन आले. तेव्हापासून पतंग या विषयावर त्यांच्यासमोर कोणी बोलत नाही. येवल्यात चक्रीला आसारी म्हणतात, एवढं एक वाक्य ते दरवर्षी जानेवारीत सांगतात आणि वर्षभराचा मान मिळवतात.

"याले आसारी किती मोठी लागन?" त्यांनी विचारलं.

आसारी लागतच नाही, हे ऐकून ते जरा खचले.

संक्रांतीच्या पतंगात कागद असतो, कामट्या असतात, एक कण्णी आणि एक दोरा. आपण पतंगाला ओढतो आणि तो आपल्याला कधी ओढत नाही, असा त्या दोघांतला करार असतो. व्हिडिओतला पतंग म्हणजे पॉवर काइट, आणि तो हा करार पाळत नाही. त्यात बहुधा कामटी नसते. पातळ, न उसवणाऱ्या कापडाचे दोन थर एकमेकांना शिवलेले असतात, मध्ये कापडाच्याच भिंती घालून कप्पे केलेले असतात, आणि पुढच्या बाजूला कप्प्यांची तोंडं उघडी असतात. वारा आत शिरतो, कप्पे फुगतात आणि त्या कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. डोमिना जाल्बर्ट नावाच्या माणसाने 1964 मध्ये ही रचना केली. आज विमानातून उडी मारणारे जे चौकोनी पॅराशूट वापरतात तेही याच घराण्यातलं. अशा पतंगाला कमीत कमी दोन दोऱ्या असतात, एक डाव्या हातात, एक उजव्या. उजवी ओढली की पतंग उजवीकडे वळतो. वळणं शिकायला एक दुपार पुरते. न वळता उभं राहणं शिकायला जास्त वेळ लागतो, कारण तोवर आपण उभे नसतो.

टेलरने मोबाइल हातात घेऊन शिवण मोठी करून पाहिली. "अस्तर आहे, कप्पे आहेत, पण खिसा नाही," तो म्हणाला. हा त्याचा एकमेव आक्षेप.

पुतण्याने कंपन्यांची यादी काढून ठेवली होती. छोटा, मधला, मोठा असे आकार होते आणि किमतीत फरक फार नव्हता. चांगला काइट सोयाबीनच्या दोन-तीन क्विंटलला पडत होता. तेव्हा तो जे बोलला ते आमच्या रक्तातूनच आलं होतं. "घ्यायचाच आहे तं पाच मीटरचा घेऊ. लहान घेऊन दोन वर्षांनी पुन्हा पैसे काहून घालायचे?"

हॉटेलातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त मास्तरांनी डोलावली नाही. त्यांनी आधी एक जुनी सवय म्हणून विचारलं, "कसला मीटर? लांबीचा का क्षेत्रफळाचा?"

हा प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाजवळ असायला हवा. पॉवर काइटवर जो आकडा छापतात तो सगळीकडे एकाच गोष्टीचा नसतो. दोन दोऱ्यांच्या छोट्या काइटवर बऱ्याचदा टोकापासून टोकापर्यंतची लांबी लिहितात, आणि तीन-चार दोऱ्यांच्या काइटवर चौरस मीटर लिहितात. त्यामुळे 1.8 असं लिहिलेला एक काइट शाळकरी पोराच्या हातात शोभतो, आणि 3 असं लिहिलेला दुसरा त्या पोराच्या बापाला बांधाच्या पलीकडे नेऊन ठेवतो. आकड्यांत फरक सव्वाचा दिसतो आणि गुडघ्यांना तो फार मोठा लागतो.

पुढचं मास्तरांनी साखरेच्या डब्याच्या झाकणावर बोटाने लिहून दाखवलं. वारा दुप्पट झाला की पतंगाची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट झाला की नऊपट. ताशी 12 किलोमीटरच्या वाऱ्यात जो काइट लाडात येऊन बोट धरतो, तोच 24 च्या झुळकेत चौपट जोराने हात धरतो, आणि 36 च्या झोतात हात सोडवून घेण्याची वेळ निघून गेलेली असते. यात आणखी एक मेख आहे. पतंग डोक्यावर स्थिर उभा असतो तेव्हा ओढ कमी असते. दोन्ही कडांना, वाऱ्याच्या अंगणाच्या काठावर, ती त्याहून फारशी जास्त नसते. पण वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिल्यावर जी बाजू समोर येते, तिथे जमिनीच्या जरा वर मधोमध सगळी ताकद साठलेली असते. तिथून पतंग आडवा सर्रकन नेला की निसर्गाच्या वाऱ्यात त्याच्या स्वतःच्या वेगाचा वारा मिसळतो आणि पुन्हा तोच वर्गाचा हिशेब लागू होतो. म्हणून नवशिक्याने काइट समोरून उचलायचा नसतो, कडेने उचलायचा असतो. व्हिडिओत मात्र सगळे समोरून उचलतात, कारण कडेने उचललेला कोणी बघत नाही.

"मंग किती मीटरचा घ्यायचा?" पुतण्याने विचारलं.

साठ-सत्तर किलोच्या माणसाला पहिला काइट सुमारे 2 चौरस मीटरचा पुरतो. वजन कमी असेल तर दीड. म्हणजे घरातल्या दाराच्या पडद्याएवढं कापड. एवढ्याशा कापडासाठी एवढे पैसे, हे ऐकून हॉटेलात शांतता पसरली. कुणीतरी हळूच म्हणालं, "एवढ्यात तं मंडप येते."

पतंगाने माणूस ओढला जातो हे कळायला मोबाइल लागत नाही, मास्तर लागतो. इंग्लंडात ब्रिस्टल गावी जॉर्ज पोकॉक नावाचे एक शिक्षक होते. या गृहस्थांनी मुलांना आपोआप छडी मारणारं यंत्र केलं होतं, यावरून ते किती जातिवंत मास्तर होते हे लक्षात यावं. उरलेला वेळ ते पतंगावर घालवत. 1824 मध्ये त्यांनी आपल्या मुलीला, मार्थाला, खुर्चीत बसवलं आणि पतंगाच्या जोरावर सुमारे 270 फूट वर चढवलं. पोर बारा वर्षांची. तिच्या आईचं यावर काय म्हणणं होतं हे इतिहासकारांनी नोंदवलेलं दिसत नाही, आणि माझ्या मते तोच खरा इतिहास होता. मार्था सुखरूप उतरली, मोठी झाली, तिचं लग्न झालं आणि तिला जो मुलगा झाला तो डब्ल्यू. जी. ग्रेस. क्रिकेटच्या सगळ्या दाढ्यांचा मूळ पुरुष. बाराव्या वर्षी 270 फुटांवरून जग बघून आलेल्या बाईचा मुलगा पंचाने बाद दिल्यावर सहजासहजी जागा सोडत नसे, असं सांगतात. मला त्यात नवल वाटत नाही.

याच पोकॉक मास्तरांनी 1826 मध्ये पतंगाने ओढायच्या घोडागाडीचं पेटंट घेतलं. घोडागाडी म्हणायचं ते सवयीने, घोडा नव्हताच. एका मागे एक असे दोन पतंग, चार दोऱ्या आणि गाडीत चार-पाच माणसं. त्या काळी इंग्लंडातल्या रस्त्यांवर टोल जनावरांच्या संख्येवर लागत असे. नाकेदाराने गाडी अडवली, दरपत्रक वरपासून खालपर्यंत पाहिलं. घोड्याचा दर होता, खेचराचा होता, पतंगाचा नव्हता. गाडी फुकट गेली.

ही गोष्ट सांगितल्यावर हॉटेलातलं वातावरण एकदम बदललं. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. 701 किलोमीटर, सरळसोट, आजूबाजूला झाड नाही, आणि टोल किलोमीटरवर. चहा थांबवून लोक विचार करू लागले. लाइनमनने तर पश्चिमेचा वारा कोणत्या महिन्यात असतो आणि नागपूर पूर्वेला आहे, इथपर्यंत मजल मारली. परत कसं यायचं हा प्रश्न त्याने पुढच्या बैठकीवर ठेवला. शेवटी मास्तरांनीच पाणी ओतलं. व्हिडिओतल्या बग्गीला तीन चाकं असतात, आणि समृद्धीवर दुचाकींना आणि तीनचाकींना बंदी आहे.

आता मुद्द्याचं. पॉवर काइट सुरक्षित आहे का नाही हे तो किती जोरात ओढतो यावर ठरत नाही. हातातून सोडल्यावर तो काय करतो यावर ठरतं. आमच्याकडे गोऱ्हा पहिल्यांदा वखराला धरला की कधीतरी उधळतो. तेव्हा नवीन पोरगा कासरा मनगटाला गुंडाळून धरतो आणि बांधावरून म्हातारा ओरडतो, "कासरा सोड रे बाप्पा!" पोरगा सोडत नाही, कारण गोऱ्हा पळाला तर घरी काय सांगू, ही भीती त्याला फरपटण्यापेक्षा मोठी वाटते. पॉवर काइटवाल्यांची सगळी विद्या त्या म्हाताऱ्याच्या ओरडण्यात आहे. त्यांनी फक्त पोरगा सोडेल अशी सोय केली आहे.

ती सोय अशी. शिकाऊ काइटांत एक तीन दोऱ्यांचा प्रकार मिळतो. दोन दोऱ्या आडव्या दांडीच्या टोकांना असतात, त्यांनी वळवायचं. तिसरी दोरी मनगटावरच्या पट्ट्याला असते, तिने एरवी काहीच करायचं नाही. घाबरलं की दांडी सरळ सोडून द्यायची. दांडी पुढे जाते, ओढ संपते, काइट फक्त तिसऱ्या दोरीवर राहतो, त्याच्यातला वारा निघून जातो आणि तो चिरगुट होऊन जमिनीवर पडतो. तो उडूनही जात नाही आणि माणसालाही नेत नाही. चार दोऱ्यांच्या काइटला दोन मुठी असतात, त्यांनाही असेच मनगटी पट्टे लावता येतात. मुठी सोडल्या की पट्टे मागच्या ब्रेकच्या दोऱ्या ओढतात आणि काइट बसतो. नवशिक्यासाठी मला तीन दोऱ्यांचा दांडीवाला बरा वाटतो, कारण घाबरलेल्या माणसाला एकच गोष्ट सोडायची असावी.

पण सोडणं हे आमच्या स्वभावात नाही. इथे बांधावरची एक वीत जमीन सोडत नाहीत, तिच्यापायी तीन पिढ्या मेहकरच्या कोर्टात जातात. एसटीत खिडकीवर टाकलेला रुमाल सोडत नाहीत. आणि दोन-तीन क्विंटल सोयाबीन देऊन आणलेली दांडी हातातून सोडा म्हणायचं? म्हणून मी पुतण्याला सांगितलं, पहिल्या दिवशी उडवायचं शिकूच नको, सोडायचं शीक. हलक्या वाऱ्यात काइट वर ने आणि दांडी सोड. पुन्हा ने, पुन्हा सोड. हात आपोआप उघडायला लागेपर्यंत दुसरं काही करू नको. त्याला हा सराव अपमानाचा वाटला. बघायला येणाऱ्या पोरांना काय वाटेल, हा त्याचा प्रश्न होता.

टेलरने मधेच एक प्रस्ताव आणला. अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो नावाच्या विमानशास्त्राच्या इंजिनिअरने आणि त्याच्या बायकोने, गर्ट्रूडने, 1948 मध्ये स्वयंपाकघरातल्या पडद्याचं कापड शिवून बिनकामटीचा पतंग उडवला होता. पुढे नासाने त्या कल्पनेवर बरेच प्रयोग केले, आणि त्यातल्या एका नमुन्यावरून हौशी लोक आजही घरच्या शिलाई मशीनवर एकेरी कापडाचा पॉवर काइट शिवतात. स्वस्त पडतो आणि उडतोही. हे ऐकल्यावर टेलरने गळ्यातला टेप काढला. "मी शिवून देतो. माप सांगा." मग सवयीने पुढे म्हणाला, "वाढत्या अंगाचा शिवू ना?"

तिथून पुढे पुतण्याने टेलरच्या दुकानासमोरून जाणं सोडलं. त्याच काळात वहिनींनी पुढच्या खोलीचे पडदे काढून पेटीत ठेवले, त्याचा याच्याशी संबंध नसावा.

जागेचा प्रश्न वेगळा. दोऱ्या वीस-पंचवीस मीटरच्या असतात. समोर, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, निदान शंभर मीटर मोकळं हवं, कारण ओढला गेलात तर त्याच दिशेला जाणार. कागदावर बीबीत मोकळी जागा भरपूर आहे. वावरात जाऊन उभं राहिलं की मग दिसते ती कठडा नसलेली विहीर. तिच्या पलीकडे रोही आणि डुकरं येऊ नयेत म्हणून लावलेली झटका मशीनची तार. तिच्या पलीकडे डीपी, डीपीतून निघालेली अकरा केव्हीची लाइन, आणि लाइनच्या पलीकडे डांबरी रस्ता. यांपैकी एकही गोष्ट दोरीच्या टप्प्यात येता कामा नये. विजेच्या तारांजवळ पतंग उडवू नका असं महावितरण दर संक्रांतीला सांगतं. आमच्या लाइनमनने ते घरगुती भाषेत सांगितलं, "अडकला तं मी काढाले येणार नाही. आणि तू काढाले गेला तं तुले काढाले येईन."

एका मित्राने लोणार सुचवलं. जवळ आहे, पाणी आहे, तळ्याला तळं आणि पतंगाला पतंग. लोणारचं विवर जवळपास 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि काठापासून सव्वाशे मीटरपेक्षा जास्त खोल. एवढ्या खोल वाटीत वारा सरळ चालत नाही. काठावरून आत उतरताना तो गिरक्या घेतो, मध्येच थांबतो, मध्येच उलटा येतो, आणि नवशिक्याला गिरकीचा वारा सगळ्यात घातक. शिवाय ते अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर पाणथळांच्या यादीत आहे. उल्का पडायची ती एकदा पडून गेली, आता पुतण्याने पडायची गरज नाही.

वारा मोजायचं यंत्र मिळतं, पण ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने 1805 मध्ये केलेल्या वाऱ्याच्या इयत्ता गावात जास्त उपयोगी पडतात. त्या त्याने जहाजाच्या शिडांवरून लावल्या होत्या, नंतर कुणीतरी जमिनीवरच्या खुणा जोडल्या. कडुनिंबाची पानं सारखी हलत राहिली तर वारा तिसऱ्या इयत्तेत, ताशी 12 ते 19 किलोमीटर. हा शिकायचा वारा. आठवडी बाजारातले कागद आणि रस्त्यावरची धूळ उडू लागली तर चौथ्या इयत्तेत, 20 ते 28. हा जमायला लागल्यावरचा. लहान झाडं डोलायला लागली की पाचवी, आणि पाचवीत पतंग पिशवीत ठेवून चहा प्यायला यायचं.

महिना कोणता? जानेवारीत वावरात हरभरा उभा असतो आणि वारा बहुधा मंद. एप्रिल-मेमध्ये रान मोकळं होतं, पण दुपारी वावटळी उठतात आणि संध्याकाळी विजांसह वादळ येतं. ढग गडगडला की कोणताही पतंग खाली. फ्रँकलिनने 1752 मध्ये विजेच्या ढगात पतंग धरला होता, पण त्याची आठवण ठेवायची तर त्याच्या पोरवयातली ठेवावी. तेव्हा तो तळ्यात उताणा पडून पतंगाची काडी हातात धरून पैलतीरी गेला होता, आणि कपडे एका मित्राच्या हातात देऊन त्याला काठाने चालवत नेलं होतं. पहिला पॉवर काइटवाला म्हणून मी त्याला मान देतो, पण सगळ्यात जास्त कौतुक त्या मित्राचं वाटतं. तर आमच्याकडे योग्य वेळ म्हणजे जूनच्या सुरुवातीचे काही दिवस. पश्चिमेचा वारा लागलेला असतो, पाऊस पेरणीजोगा झालेला नसतो, वखरलेली जमीन मऊ असते आणि पडलं तरी माती आपलीच असते. ते दिवस नेमके कोणते हे आधी सांगता येत नाही. घाटाखाली भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, ती पाऊस सांगते, पिकं सांगते, राजाचं भवितव्यसुद्धा सांगते. वाऱ्याचा ताशी वेग मात्र तिच्यात नाही.

कायद्याचंही बघावं लागतं. भारताच्या 1934 च्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती तिच्यात बलून, ग्लायडर आणि पतंग हे सगळे बसवले होते. म्हणजे संक्रांतीला बीबीच्या गच्च्यांवरून जे चालतं ते कागदोपत्री विमानोड्डाण. हा विनोद म्हणून सोडून देऊ. दुसरी गोष्ट विनोदाची नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 ला नायलॉन आणि इतर कृत्रिम, न कुजणाऱ्या मांजावर देशभर बंदी घातली. पॉवर काइटच्या दोऱ्या डायनिमा नावाच्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्यांना काचेचा लेप नसतो, त्या कापाकापीसाठी नसतात, तुटून झाडावर लोंबतही नाहीत. पण आदेशाचा शब्द घेतला तर धागा कृत्रिम आहे. तेव्हा वावरात उतरण्याआधी ठाण्यात जाऊन साहेबांना वस्तू दाखवावी हे बरं. पुतण्या गेला होता. "नायलॉनचा आहे का?" असं विचारल्यावर त्याने खरं ते सांगितलं, "कापड नायलॉनचं आहे, दोरी नाही." पुढचा अर्धा तास कापड आणि दोरी यांतला फरक समजावण्यात गेला. लेप नसला तरी ती दोरी ताणलेली असताना बोटाने धरायची नाही. ताणात ती बोट कापते. हातमोजे आणि हेल्मेट लागतं. आमच्याकडे हेल्मेट हायवेवर पोलीस उभे असतील तेवढ्याच शंभर मीटरला घालतात. स्वतःच्या वावरात, पायी चालत असताना हेल्मेट घातलेला माणूस पाहून शेजारच्या वावरातली निंदणी थांबली होती.

ज्याला हे रीतसर शिकायचं त्याने गोव्यात मोरजी-अश्वे किनाऱ्याला जावं. तिथे हंगामात काइटसर्फिंग शिकवणारे असतात, आणि तेही नवख्याला पाण्यात घालण्याआधी वाळूवर छोटा शिकाऊ काइटच हातात देतात. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा पदकांसाठी खेळला गेला. शर्यती मार्सेयच्या समुद्रावर झाल्या. महिलांत ब्रिटनची एली ऑल्ड्रिज आणि पुरुषांत ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटस यांनी सुवर्ण जिंकलं. ऑस्ट्रियाला समुद्रकिनारा नाही, हे पुतण्याने शोधून काढलं आणि गेले काही महिने तो ते घरात रोज सांगतो.

त्याने शेवटी 2 चौरस मीटरचा, तीन दोऱ्यांचा, दांडीवाला घेतला. हॉटेलात त्याची किंमत अजून खरी सांगितलेली नाही. तुमच्या घरातही कुणी असं काही मागितलं तर बहुधा आधी जुना शोधला जाईल, कारण पैसे वाचवण्यातही आपण मोठ्या मापाचे आहोत. जुना घ्यायला हरकत नाही. कापडाला ठिगळ असलं तरी चालेल, रंग उडालेला चालेल. पण दोऱ्या उलगडून मोजा आणि वळवायच्या दोन दोऱ्या बरोबर सारख्या लांबीच्या आहेत का पाहा. मग विकणाऱ्याला दांडी सोडून काइट खाली पाडून दाखवायला सांगा. तिसरी दोरी काढून टाकलेली असेल, किंवा "तिची काही गरज पडत नाही" असं तो म्हणाला, तर फुकट मिळाला तरी घरी आणू नका.